गिटारीच्या पोटातलं लाकूड

नांदेड, २ सप्टेंबर १९८२

देविदास,

अक्काचा जयभीम. आशीर्वाद पत्राच्या शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

तुझा पत्ता साहेबरावनं दिला. तुमच्या गायन पार्टीत ढोलकी बडवायचा तो साहेबराव आता एस.टी.त कंडक्टर आहे, नांदेड-लातूर गाडीवर. नव्या जिल्ह्याचा कार्यक्रम झाला तेव्हा त्यानं तुला मांडवात खुर्च्या लावताना पाहिलं. तू मुरुडला खोली केलीस, लातूरच्या कचेरीत शिपाई म्हणून लागलास, लग्न केलंस, हे सगळं मला तिकिटं फाडणाऱ्या माणसाकडून कळावं! बहीण मेली होती काय? पाकिटावर सवयीनं आधी 'जिल्हा उस्मानाबाद' लिहिलं, मग खोडून 'लातूर' केलं. तुमचा जिल्हा तर बदलला. तुझं काय ते अजून कळायचं आहे.

माय बरी आहे. खाते, पिते, माझ्यावर ओरडते.

पत्राचं कारण वेगळं. आबाची गिटार मी दुरुस्तीला नेते आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे. तुझाही बाप होता, म्हणून.

पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमधली ती गिटार तुला कितपत आठवते कोण जाणे. तू लहान होतास आणि तुझं सगळं लक्ष इंजिनांकडे. आबा गार्ड-ड्रायव्हरांच्या रनिंग रूमवर खानसामा. निजामाचं राज्य गेलं, तसा तो म्हातारा गोरा गार्डही विलायतेला निघाला, आणि जाताना आबाच्या हातची कढी आठवत राहील म्हणून त्याला ती देऊन गेला. त्या गार्डाच्या आजोबापासूनची. बारीक कंबर, काळपट रंग, मांजरीएवढं वजन. तिला आतड्याच्या ताती होत्या. त्या सिकंदराबादहून यायच्या, आणि आबा त्या तांदळाच्या डब्यात ठेवायचा, दमट हवेनं फुगू नयेत म्हणून. आवाज किती लहान होता, देविदास! शेजारच्या क्वार्टरात ऐकू जायचा नाही. पण खोलीत असा पसरायचा की वाटायचं कुणी समजुतीनं बोलून राहिलंय. आबानं ती मला शिकवली. लोक म्हणायचे, नरसिंग, पोरीला कशाला? तो म्हणायचा, तिची बोटं हायत, तुमाला काय तरास?

आणि दुष्काळात तू तिचं काय केलंस? मी औरंगाबादला डी.एड. करत होते. सुट्टीत भोकरला, आबा गेल्यावर तुम्ही राहायला गेलात त्या मायच्या माहेरी, आले तर गिटारीला निळा ऑइलपेंट! जयंतीच्या कमानीला लावून उरलेला. ताती काढून पोलादी तारा चढवलेल्या. त्या तारांनी पुढची फळी ओढून गरोदर बाईसारखी फुगवलेली, आणि ती फाटू नये म्हणून पोटात दांडा ठोकलेला, पाठीपासून फळीपर्यंत उभा. भोकातून दिसत होता. वाजवून पाहिली तर पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज. माझी बोटं रक्ताळली. मी पार्टीसमोर बोलले की आबानं हे पाहिलं असतं तर तुझे हात तोडले असते. तू गिटार भिंतीला टेकवलीस आणि गेलास तो गेलासच.

बोलले ते बोलले. माघारी घेत नाही. एवढ्यावरून कुणी घर सोडतं? भिमीला जाऊन महिना झाला नव्हता. आपलं शेंडेफळ, पाच वर्षांची पोर. मला नुसतं पोस्टकार्ड आलं होतं, 'भीमा तापानं गेली'. मातीलासुद्धा पोचू शकले नाही मी. आणि तू त्या मायला तशी टाकून निघून गेलास. हे मला गिटारीपेक्षा जास्त लागलं आहे.

ती गिटार माझ्या खोलीत खुंटीला आहे. माय अधूनमधून ती मांडीवर घेते. कानानं कमी ऐकू येतं म्हणून पाठीला कान लावते, जाडी तार नखानं छेडते आणि डोळे मिटून बसते. तिला आबा हवा असतो रे. आणि त्या पेटीतून निघते तुझी खरखर. ते बघवत नाही मला.

म्हणून नेते आहे. आशीर्वाद.

चांगुणा


नांदेड, २६ सप्टेंबर १९८२

देविदास,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. नऊ वर्षांनी भाऊ लिहितो आणि काय लिहितो? 'आतला दांडा काढू नको.' बस्स. खाली सही. माय कशी आहे हे विचारायला शाई संपली होती का? सुंभ जळला पण पीळ जळला नाही म्हणतात ते हेच.

का काढू नको, ते तरी लिही. कारण सांग, मी शिक्षक बाई आहे, पटलं तर ऐकते. चौथीच्या पोरांचंसुद्धा ऐकते. पण नुसता हुकूम सोडायचा असेल तर तो तुझ्या कचेरीत सोड. तिथेही सोडता येणार नाही म्हणा, शिपाई आहेस.

आता खरं लिहिते. मागच्या पत्रात माय बरी आहे म्हटलं ते खोटं. तिचं काळीज वाढलं आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दिवाळी दिसेल, पुढचं सांगवत नाही. आडवं झालं की तिला दम लागतो, म्हणून भिंतीला गोधड्या रचून बसवून ठेवते. पाय सुजलेत. पण जीभ शाबूत आहे. काल शेजारीण विचारायला आली, कसं वाटतंय मावशी? तर म्हणते, "बरं हाय की. बसल्या जागी राज्य करून राहिले."

मला तिला ती जायच्या आधी एकदा आबाचा आवाज ऐकवायचा आहे. एवढंच. आपल्या मायनं, नागाबाईनं, जन्मभर काही मागितलं नाही, नवऱ्याकडं नाही, पोरांकडं नाही. ती गिटार जवळ घेते, तेवढीच तिची मागणी मला दिसते. ती मी पुरी करणार. आधी ठरवलं होतं, आता तर करणारच.

तू ये किंवा येऊ नकोस. दांडा निघणार.

चांगुणा


नांदेड, ३ नोव्हेंबर १९८२

चि. देविदास,

आज मी खूश आहे, म्हणून चिरंजीव.

गिटार झाली. दसऱ्याच्या सुट्टीत उदगीरला ठेवून आले होते, परवा जाऊन घेऊन आले. उदगीरही आता तुमच्याच जिल्ह्यात, बसायला खुर्ची नाही पण मिरवता किती! तिथं मडिवाळप्पा म्हणून पेट्या दुरुस्त करणारा आहे. भजनी मंडळांच्या हार्मोनियम, कव्वालांचे बुलबुलतरंग, सगळं त्याच्याकडं येतं. गिटार त्यानं आयुष्यात दोनदाच उघडली, हे आधीच सांगून टाकलं. म्हटलं बरं आहे, खोटं तरी बोलत नाही.

त्यानं ओल्या फडक्यानं आणि गरम सुरीनं पाठीची कड सोडवली आणि गिटार पुस्तकासारखी उघडली. मी आत पाहिलं. पुढच्या फळीला आतून पातळ आडव्या पट्ट्या असतात, काडेपेटीच्या काडीपेक्षा थोड्या जाड. त्यातल्या दोन निखळून पडलेल्या, आणि मधोमध तुझा तो दांडा उभा. गुळगुळीत, काळसर, बाभळीचा. मडिवाळप्पा म्हणाला, "नोडी, बगा बाई, ही फळी म्हणजे गळा. तार ओढंल तशी ती हलली पाहिजे. इथं कुणी अंगठा रोवून ठिवलाय. फळी हलती ती पाठीला घेऊन हलती. म्हणून पुढं आवाज कडक, आन मागं घरघर."

मी म्हटलं, काढा तो अंगठा.

तो म्हणाला, "काढतो. पर एक सांगतो. जे घातलं ते काढता येतं, पर लाकूड दहा वर्सं दाबलं गेलं ते उठत न्हाई. तुमच्या वडलांचा आवाज मी ऐकलेला न्हाई बाई, तो मी कुठून आणू? ह्या लाकडात जो उरलाय तो निघंल."

त्यानं निळा रंग काचेच्या तुकड्यानं खरवडला. आतून ती जुनी काळपट कांती दिसली आणि मला रडू आलं, उगाच, भर दुकानात. पट्ट्या नव्या सरसानं डकवल्या, फुगलेली फळी आणि तिच्यावरची तारांची घोडी खाली बसवली. ताती आता मिळत नाहीत, हैदराबादहून नायलॉनच्या तारा मागवल्या. घेतली, आणि तिथंच एका खोक्यावर बसून वाजवली.

आवाज आला, देविदास. लहान, गोल, पूर्णेच्या खोलीतला. अगदी तोच म्हणणार नाही. सूर पूर्वी रेंगाळायचा तेवढा रेंगाळत नाही, लवकर विझतो, आणि जिथं दांडा होता तिथं फळीला खळगा पडलाय, त्या सुराला आवाज थोडा दबतो. पण आबाच तो. म्हातारा झालेला, दम लागणारा आबा. मी सगळं विसरून आबानं शिकवलेली पहिली धून वाजवली आणि माझी बोटं चुकली नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मायला ऐकवते. अजून दाखवलेली नाही, फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. तू असायला हवा होतास असं मला वाटलं, हे लिहायला लाज वाटते पण लिहिते.

तुझी अक्का


नांदेड, १९ नोव्हेंबर १९८२

देविदास,

कसं लिहू ते कळत नाही. सरळच लिहिते.

परवा दुपारी मायला गरम पाण्यानं पुसून काढलं, धुतलेलं लुगडं नेसवलं आणि गिटार काढली. तिनं हात फिरवला. निळा रंग गेलेला तिला दिसला. हसली. मला वाटलं, जमलं. मी समोर बसून वाजवली, आबाचंच सगळं. ती ऐकत होती, पण पाहुण्यासारखी. पाहुण्याच्या पोरानं कविता म्हटल्यावर आपण जसं तोंड करतो ना, तसं. थांबले तर म्हणाली, "गोड हाय. आता दे इकडं."

मांडीवर घेतली. पाठीला कान लावला. जाडी तार नखानं छेडली. पुन्हा छेडली. मग गिटार हलवून पाहिली, जसं आपण मडक्यात दाणे आहेत का ते हलवून बघतो. आणि माझ्याकडं बघून म्हणाली,

"आतलं जातं कुठं गेलं?"

मला वाटलं, बिचारीला भ्रम झाला. डॉक्टर म्हणाले होते, कधीकधी असं होईल. मी म्हटलं, माय, ही गिटार आहे. तर केवढ्यानं ओरडली! "मला काय येडी समजून राहिलीस? गिटार हाय ते कळतंय. खुंटा कुठं हाय माझा?"

मग तिनं सांगितलं. एक वाक्य, मग दम, मग दुसरं वाक्य. तुला हे सगळं माहीत आहे. मला माहीत नव्हतं, म्हणून मी तुला सांगते आहे.

खडी फोडायचं काम भोकरच्या रस्त्यावर होतं. सरकारी सुकडी खाऊन दिवस निघत होते. जात्यात घालायला दाणा नव्हता. संध्याकाळी खडीच्या ढिगाऱ्यापाशी माणसं नुसती बसून राहायची, बोलायलासुद्धा कुणाच्यात बळ नव्हतं, आणि साहेबराव नि तू गाणी म्हणायचात. ताती उन्हानं तटातट तुटल्या. नव्या आणणार कुठून? सायकलवाल्याकडून तार आणलीस, फळी फुगली, फाटायला आली, आणि तू गिटार ठेवून द्यायला निघालास. तेव्हा माय म्हणाली, "ठिवून देऊ नको. लोकायला रातीचा तेवढाच आसरा हाय. कायतरी टेकू लाव." तू म्हणालास, चांगलं मुरलेलं लाकूड लागतं, कुठून आणू? आणि तिनं जात्याकडं बोट दाखवलं. "दळायला काय हाय? घे तो खुंटा." तिच्या आईच्या हातचा, तिच्या हातचा, पिढ्यांनी धरून धरून गुळगुळीत झालेला खुंटा. तू वरचा भाग करवतीनं कापून घेतलास.

आणि भिमी. तिला जुलाब लागले होते, ताप नव्हे. उपाशी पोराला झोप यायची नाही. तू तिला मांडीवर घेऊन वाजवायचास, आणि ती गिटारीच्या पाठीला कान लावायची. आत घरघर व्हायची. ती म्हणायची, "माय, आत कुणीतरी दळून राहिलंय." रोज म्हणायची. "आता भाकर व्हईल." आणि त्या ऐकण्यावर झोपायची. ती गेली तेव्हाही तिचा कान तिथंच होता, आणि तू वाजवतच होतास, कारण तुला कळलं नव्हतं. मायला कळलं होतं. तिनं तुला थांबवलं नाही.

देविदास, मी तुला हात तोडण्याचं बोलले ते त्याच हातांना.

का रे नाही लिहिलंस? एवढंसं पोस्टकार्ड, त्यावर चार शब्द! 'तो मायचा खुंटा आहे' एवढं लिहिलं असतंस तरी मी गिटारीला बोट लावलं नसतं. लिहिता आलं नसेल. मला आत्ता हे लिहिताना चार वेळा उठावं लागलं, आणि माझ्या मांडीवर तर काही झालं नव्हतं.

नऊ वर्षं ती आबाला ऐकत नव्हती. ती भिमीला झोपवत होती.

आता माय भिंतीकडं तोंड करून बसली आहे. माझ्याशी बोलत नाही. गिटार तिनं पायाशी सरकवून ठेवली.

अक्का


नांदेड, २३ नोव्हेंबर १९८२

देविदास,

उदगीरला जाऊन आले. सकाळची पहिली गाडी धरली. मडिवाळप्पाला म्हटलं, तो दांडा द्या, असेल तिथून शोधून द्या. त्यानं सगळं दुकान उलथंपालथं केलं, मीही त्याच्याबरोबर भुशात हात घालून बसले. मग तो एकदम थांबला. म्हणाला, "बाई, सरस तापवायला चुलीत गेला आसंल. तुमच्याच पट्ट्या डकवल्या त्या दिवशी." काढा म्हणून मीच सांगितलं होतं. तो मागत होता माफी, आणि मी त्यालाच पाणी पाजून आले.

त्यानं बाभळीचा एक तुकडा तासून दिला. परत आल्यावर भोकातून हात घालून बसवून पाहिला. उभा राहत नाही. राहिला तर नायलॉनच्या तारांना तेवढी ओढच नाही, फळी मुकी होते. पोलादी तारा चढवल्या, तर फळी जुन्या खळग्यापाशी कुरकुरायला लागली, घाबरून सैल केल्या. कुठं किती सैल ठेवायचा, कुठं घट्ट, म्हणजे ती घरघर निघेल, ते फक्त तुला माहीत आहे. तू रोज ऐकून ऐकून बसवला होतास.

तू ये. मी भांडणार नाही. भांडले तर तू उठून जाऊ नकोस, बसून ऐकून घे, मी थकते थोड्या वेळानं. मायनं आज दूधही घेतलं नाही. हे पत्र टपालानं नाही, साहेबरावच्या हाती देते आहे, तुझ्या हातात पडेल तेव्हाच तो गाडी सोडेल असं त्याला बजावलं आहे.

ये रे बाबा.

अक्का


नांदेड, ८ डिसेंबर १९८२

माझ्या देविदासा,

माय गेली. काल सकाळी. साहेबरावची गाडी लातूरहून रात्रीपर्यंत येणार नव्हती आणि इथं माती थांबवायला माणसं तयार नव्हती, म्हणून वाट पाहता आली नाही. ही खबर तुला या पत्रातूनच कळते आहे. वाचताना बस. बायकोला जवळ बसव.

तू पाठवलेला दांडा त्याआधीच पोचला होता. साहेबरावनं फडक्यात बांधलेला आणून दिला. बरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी माणूस मागितला आणि तू लाकूड पाठवलंस! मी इतकी चिडले की ते लाकूड अंगणात फेकून दिलं. मग जाऊन उचलून आणलं. बघितलं तर किती जपून घडवलं होतंस. बाभळीचंच, टोकं गोल केलेली, आणि तळहातानं घासून घासून गुळगुळीत केलेलं, जणू मायचे आणि आजीचे हात तू एकटाच त्याला द्यायला निघाला होतास. कचेरीतून घरी येऊन करत बसत असशील. तेव्हा कळलं, तुझी चिठ्ठी तीच होती.

गिटारीत बसवायला गेले. बसेना. मडिवाळप्पानं फळी खाली बसवली, त्यामुळं पोट आता पूर्वीइतकं खोल राहिलेलं नाही. तुझं माप नऊ वर्षांपूर्वीचं, फुगलेल्या फळीचं. अचूक होतं, देविदास. गिटारच बदलली होती. मला तासायचं धाडस झालं नाही. आणखी एक लाकूड मी कापणार नव्हते.

माय बघत होती. जवळजवळ तीन आठवडे माझ्याशी बोलली नव्हती ती. म्हणाली, "कुणी घडलाय?" मी म्हटलं, देवीनं, तुझ्या देविदासनं. तिनं हात पुढं केला. मी तिच्या मुठीत दिलं. तिनं ते असं धरलं, उभं, घट्ट, आणि हात आपोआप गोल फिरायला लागला. थोडासाच, मांडीवरच्या मांडीवर.

मला तेव्हा सुचलं. इतकी मठ्ठ मी, सुचायला तिचा हात फिरावा लागला.

ते जातं मी भोकरहून आणलेलं आहे, माहीत आहे तुला? मायचा हट्ट. पीठ गिरणीतून येतं आणि जातं खाटेखाली, खुंट्याच्या बुडख्यासकट. ओढून बाहेर काढलं. सळई घालून तो बुडखा फोडून काढला आणि त्या भोकात तुझं लाकूड ठोकलं. तिथं बसलं. आखूड आहे, मूठ जेमतेम मावते, पण हललं नाही. गिटारीला ओझं झालं, ते जात्याला बसलं.

मायच्या खाटेला टेकवून जातं मांडलं. गिटार तिच्या छातीवर दिली, पाठ कानाकडं. आणि मी फिरवायला लागले. घरघर सुरू झाली. आणि ऐक, गिटारीला कुणी हात लावला नव्हता, तरी ती घुमायला लागली. जमिनीतून, खाटेतून ती घरघर तिच्या फळीत गेली असणार. पोटात काहीच अडवायला नाही, फळी मोकळी, म्हणून इतक्या हलक्या धक्क्यानंही ती बोलली. मायनं डोळे मिटले. मी रडून राहिले आणि फिरवून राहिले.

तेवढ्यात ती डोळे उघडून माझ्यावर खेकसली.

"रिकामं जातं फिरवू न्हाई गं!"

दीक्षेनंतर सगळ्या देवांना घराबाहेर काढलं तिनं, पण हे काही सुटलं नव्हतं. मी धावत डब्यातली ज्वारी आणली, ओंजळभर घातली. पुन्हा फिरवलं. आवाज बदलला, भरला. पीठ जात्याच्या पाळूभोवती सांडायला लागलं. माय ऐकत होती. मग गिटारीच्या पाठीवर थोपटायला लागली, हळूहळू, लेकराला थोपटतात तशी. म्हणाली, "निज आता. हुईल भाकर."

ओंजळ संपली की मी दुसरी घालायची. दिवस मावळेपर्यंत दळत होते. तिनं दूध घेतलं. मला म्हणाली, "तुझा हात आबावर गेलाय. आन देवीचा माझ्यावर." दुसऱ्या दिवशी उजाडताना बसल्या जागीच गेली, गिटार मांडीवर होती. थोपटता थोपटता हात थांबला असणार.

मी तुझ्यावर नाराज नाही. तू का आला नाहीस ते मला आता कळतं. ज्या मांडीवर ते झालं, ती मांडी घेऊन मायसमोर कसं बसायचं, हेच ना? पण तिनं तुझं लाकूड मुठीत धरलं होतं, देविदास. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुला आणखी काय हवं?

पीठ ठेवलं आहे. झाकून, कोरड्या डब्यात. माझ्या एकटीच्या घशाखाली उतरणार नाही. तू बायकोला घेऊन ये, मी भाकरी थापते, तू गिटार घे, ती सुराला लाव किंवा नको लावूस. भिमीच्या नावानं आपण खाऊ.

ज्वारीचं पीठ फार दिवस राहत नाही, कडू होतं. त्याच्या आत ये.

तुझी अक्का